जाहीर निषेध, लाइक आणि शेअर

फेसबुकविरुद्धचा पहिला मोठा मोर्चा फेसबुकवरच निघाला, आणि तो मोठा झाला तोही फेसबुकच्याच कृपेने. गोष्ट ५ सप्टेंबर २००६ ची. तोवर फेसबुकवर कुणाचं काय चाललंय हे बघायचं तर त्या त्या माणसाच्या पानावर जाऊन डोकावावं लागे. डोकावण्यात कष्ट होते, म्हणून थोडी लाजही होती. त्या दिवशी कंपनीने ‘न्यूज फीड’ सुरू केलं. कोण कुणाचा मित्र झाला, कुणाचं कुणाशी फाटलं, कुणी कुठला फोटो लावला, सगळं न विचारता समोर हजर. पोरं भडकली. एका अमेरिकन विद्यार्थ्याने न्यूज फीडच्या विरोधात गट काढला आणि काही दिवसांत त्यात सात लाखांच्या आसपास माणसं जमली. तेव्हा फेसबुकचे एकूण सभासद एक कोटीच्या आतबाहेर. असा मोर्चा आपल्याकडे निघाला असता तर मुख्यमंत्री बदलला असता.

पण इतकी माणसं इतक्या भराभर जमली कशी? कुणी त्या गटात शिरलं की ‘अमुक अमुक न्यूज फीडविरोधी गटात सामील झाला’ ही बातमी त्याच्या यच्चयावत मित्रांना जात होती. न्यूज फीडमधून. बावीस वर्षांच्या मार्क झुकेरबर्गने आधी ‘शांत व्हा, श्वास घ्या’ अशा थाटाचं निवेदन काढलं. आपल्याकडे चिडलेल्या माणसाला शांत व्हा म्हटलं की काय होतं ते लग्नाच्या मांडवात वरपक्षाने अनेकदा दाखवून दिलेलं आहे. अमेरिकेतही तेच झालं. मग तीन दिवसांत त्याने रीतसर माफी मागितली, आमचं साफ चुकलं म्हणाला, काय दाखवायचं नि काय लपवायचं याची चार बटणं दिली आणि न्यूज फीड होतं तिथेच ठेवलं. आज ते काढून टाकलं तर ‘आमचं फीड परत द्या’ म्हणून दुसरा मोर्चा निघेल.

माफी मागायची, बटणं द्यायची आणि मूळ गोष्ट हलवायची नाही, हा धडा कंपनीने तिथेच गिरवून घेतला. आंदोलकांनी मात्र काहीच गिरवलं नाही. आपल्याकडे आंदोलनाला एक क्रम असतो. आधी निवेदन, मग इशारा, मग धरणं, मग साखळी उपोषण, आणि शेवटी कुणीतरी वजनदार माणूस येऊन मोसंबीचा रस पाजतो. ऑनलाइन निषेधात उपोषणाची भानगड नाही, रस सुरुवातीपासूनच चालू असतो.

या निषेधाचा सर्वांत घरगुती आणि टिकाऊ प्रकार म्हणजे नोटीस. तुमच्याकडेही आली असेल. ‘मी याद्वारे जाहीर करतो की माझे फोटो, लेखन आणि माहिती वापरण्यास मी फेसबुकला परवानगी देत नाही.’ पुढे कसलीतरी कलमं, एखादा अमेरिकन कायदा, आणि हमखास रोमचा करार. खाली सूचना: शेअर करू नका, कॉपी-पेस्टच करा, उद्यापासून नवा नियम लागू होतोय. हा उद्या निदान २०१२ पासून उजाडायचा आहे. २०२४ मध्ये हीच नोटीस ‘मेटा एआयला रामराम’ असा नवा सदरा घालून आली आणि अमेरिकन फुटबॉलचा दिग्गज टॉम ब्रॅडी यानेही ती चिकटवली. तेव्हा आपल्या काकांनी चिकटवली तर हसू नये.

रोमचा करार म्हणजे नरसंहार आणि युद्धगुन्हे यांचा निवाडा करणाऱ्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाची घटना. काकांना वाचवायचा असतो तो लोणावळ्यात छत्री उलटी झाल्याचा फोटो. पण कलमाचा आकडा भारदस्त दिसला की आपल्याकडे विषय कुणी विचारत नाही. ज्या करारावर आपण न वाचता ‘मान्य’ म्हणून बोट टेकवलं तो करार, आपणच न वाचलेल्या या नोटिशीने रद्द होतो, अशी एक श्रद्धा यामागे आहे. श्रद्धेला पुरावा लागत नाही, प्रतिसाद पुरतो. तोही मिळतो. खाली पहिला माणूस लिहितो, ‘छान माहिती’. दुसरा लिहितो, ‘सुप्रभात’.

झुकेरबर्गच्या पदरात एक माप मात्र टाकायला हवं. त्याने एकदा लोकशाही आणून पाहिली. २००९ च्या फेब्रुवारीत फेसबुकच्या नव्या अटी आल्या. खातं बंद केलं तरी तुमचा मजकूर आमच्याकडे राहील, असा त्यांचा अर्थ लोकांनी लावला. ओरडा झाला, कंपनी मागे सरली, आणि वर म्हणाली की यापुढे नियमांत मोठे बदल करायचे तर तुमचं मत घेऊ. फक्त एक अट होती. ३० टक्क्यांहून जास्त सक्रिय सभासदांनी मतदान केलं तरच निकाल कंपनीला बंधनकारक. त्या एप्रिलमध्ये पहिलं मतदान झालं. सभासद २० कोटी, म्हणजे हवी होती सहा कोटी मतं. आली साडेसहा लाखांच्या आसपास.

२०१२ च्या डिसेंबरात शेवटचं मतदान झालं, आणि त्यातला एक प्रश्न असा होता की लोकांचा हा मतदानाचा हक्क काढून घ्यावा का. इतका प्रामाणिक प्रश्न कुठल्याही हुकूमशहाने आजवर मतपत्रिकेवर छापलेला नसेल. एव्हाना सभासद झाले होते १०० कोटी. निकाल बंधनकारक व्हायला ३० कोटी मतं लागणार होती. ६,६८,८७२ जणांनी मत दिलं आणि त्यातले सुमारे ८८ टक्के म्हणाले, हक्क काढू नका. कंपनीने निकालाची नोंद घेतली आणि हक्क काढला. पुण्यात मतदान जरा कमी झालं की दुसऱ्या दिवशी अग्रलेख येतात, सदाशिव पेठेला बोल लावला जातो. इथे मतदान एक टक्क्याच्या दहाव्या हिस्स्याइतकंही नव्हतं आणि बाकीच्या ९९ कोटी ९३ लाख लोकांना निवडणूक होती हेच ठाऊक नव्हतं. ते न्यूज फीड बघत होते.

आता आपल्या घरात येऊ. जानेवारी २०२१ मध्ये व्हॉट्सअ‍ॅप उघडलं की एक चौकट समोर यायची: नवं गोपनीयता धोरण ८ फेब्रुवारीपर्यंत मान्य करा, नाहीतर वापर बंद. धोरण मुख्यतः धंदेवाईक खात्यांशी होणाऱ्या संभाषणाबद्दल होतं, मावशीच्या उकडीच्या मोदकांच्या कृतीला कुणी हात लावणार नव्हतं. पण वाचून निषेध करण्याची आपल्याकडे पद्धत नाही. ७ जानेवारीला एलॉन मस्कने ‘सिग्नल वापरा’ अशा दोन शब्दांत फतवा काढला, आणि सिग्नल या नावाच्या ओढीने लोकांनी टेक्सासमधल्या ‘सिग्नल अ‍ॅडव्हान्स’ या भलत्याच चिमुकल्या कंपनीचे शेअर घेऊन ते कित्येक पट वर नेले. खऱ्या सिग्नलवर, म्हणजे मेसेज पाठवायच्या त्या दुसऱ्या अ‍ॅपवर, इतकी गर्दी लोटली की १५ जानेवारीला ते बंदच पडलं. स्थलांतर करणारे बिचारे वाटेत अडकले आणि ‘सिग्नल बंद आहे का?’ असं विचारायला व्हॉट्सअ‍ॅपवर आले.

त्या पंधरवड्यात महाराष्ट्रातल्या प्रत्येक कुटुंबात एक भाचा होता. हा भाचा बंगळुरूला किंवा हिंजवडीला नोकरीला असतो. त्याने सिग्नलवर ‘परिवार’ नावाचा गट काढला आणि व्हॉट्सअ‍ॅपवरच्या ‘परिवार’ गटावर त्याची लिंक टाकली. सोबत सर्व्हर, एन्क्रिप्शन आणि तुमचं खासगी आयुष्य यांवर एक लांबलचक निरूपण. गटावरच्या ज्येष्ठांनी त्याला हात जोडल्याचं चिन्ह पाठवलं. याचा अर्थ होकार असतो की निरोप, हे आजवर कुणाला कळलेलं नाही. मग मामांनी विचारलं, तिथे गुलाबाचं फूल आणि सुविचार पाठवता येतात का? येतात म्हटल्यावर विचारलं, मग इथले जुने सुविचार तिथे नेता येतात का? मामी म्हणाल्या, सगळे आले की मी येते. सगळ्यांचंही तेच म्हणणं होतं. परिणामी सिग्नलवरच्या परिवारात भाचा, त्याची बायको, आणि चुकून सामील झालेला जुना भाडेकरू एवढे तिघे उरले आणि त्यांचं खासगी आयुष्य अतिशय सुरक्षित राहिलं.

दोष मामींचाही नव्हता. दूध उद्या अर्धा लिटरच टाका हे सांगायचं व्हॉट्सअ‍ॅपवर. सोसायटीत पाणी येणार नाही ही सूचना व्हॉट्सअ‍ॅपवर. शाळेचा गृहपाठ, लॅबचा रक्ताचा रिपोर्ट, लग्नाची पत्रिका, आणि ती पत्रिका मिळाली नाही म्हणून झालेलं भांडण, सगळं तिथेच. माणूस एकटा उठून जाऊ शकतो, पण दूधवाल्याला बरोबर कसा नेणार? कंपनीला हे आपल्याहून आधी ठाऊक होतं. तिने वर्तमानपत्रांत पानपानभर जाहिराती दिल्या, आणि नंतर आपलं म्हणणं चक्क स्वतःच्याच स्टेटसला ठेवलं. एकीकडे ‘मी व्हॉट्सअ‍ॅप सोडतोय’ असं भाच्याचं स्टेटस, त्याच्या शेजारी ‘आम्ही तुमचे मेसेज वाचत नाही’ असं व्हॉट्सअ‍ॅपचं स्टेटस. दोघांची स्टेटसं आत्याने पाहिली आणि दोघांनाही अंगठा दिला.

मुदत ८ फेब्रुवारीवरून १५ मेवर गेली, आणि मे उजाडल्यावर कंपनी म्हणाली की मान्य नाही केलं तरी तुमचं खातं चालू राहील. म्हणजे निषेध जिंकला? काही अंशी हो. मुदतीची तलवार म्यान झाली. पण तोवर चौकट जावी म्हणून कित्येकांनी ‘मान्य’ दाबूनही टाकलं होतं, भाच्याच्या बायकोसकट. पुढे नोव्हेंबर २०२४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने याच धोरणापायी मेटा या फेसबुक-व्हॉट्सअ‍ॅपच्या मालक कंपनीला २१३ कोटी १४ लाखांचा दंड ठोठावला आणि कंपनी अपिलात गेली. एव्हाना परिवार गटाने रागाला कारणं दुसरी शोधली होती.

मुळात घोटाळा असा आहे की आपण स्वतःला गिऱ्हाईक समजून रागावतो. मंडईत मेथीच्या जुडीने भावावरून वाद घातला तर जे होईल तेच इथे होतं. भाव तिचा चाललेला असतो, तिच्याशी नव्हे. खरं गिऱ्हाईक म्हणजे जाहिरातदार. बरं, त्यांनी तरी बहिष्कार घालून पाहिला की नाही? पाहिला. जुलै २०२० मध्ये हजारावर कंपन्यांनी फेसबुकच्या जाहिराती थांबवल्या, त्यांत बडी बडी नावं होती. पुढच्या आकडेवारीत कळलं की जुलै ते सप्टेंबर या तिमाहीत फेसबुकचं उत्पन्न आदल्या वर्षीपेक्षा २२ टक्क्यांनी वाढलंय. बडे गेले तरी कोपऱ्यावरचा केक करणारा, क्लास घेणारा, योगा शिकवणारा असे लाखो किरकोळ जाहिरातदार होतेच.

सर्वांत शिस्तीत झालेला संप रेडिटचा. रेडिटवर हजारो मंडळं आहेत आणि ती चालवणारे सगळे बिनपगारी. शिव्या पुसायच्या, भांडणं सोडवायची, जाहिरातबाजांना हाकलायचं, हे सगळं हौसेने. गणेश मंडळाच्या कार्यकर्त्यांना निदान मिरवणुकीत नाचायला मिळतं, यांना तेही नाही. २०२३ मध्ये कंपनीने बाहेरच्या अ‍ॅपांना माहिती पुरवण्याचे दर असे लावले की ‘अपोलो’ या लोकप्रिय अ‍ॅपच्या कर्त्याने हिशेब मांडला, वर्षाला दोन कोटी डॉलर. मग १२ जूनला आठ हजारांवर मंडळांनी दारं लावून घेतली. किती दिवस? दोन.

लाक्षणिक संपाची ही परंपरा आपल्याला परकी नाही. संप कधी सुटणार हे संपाच्या पत्रकातच छापलेलं असतं, त्यामुळे दोन्ही बाजूंना रजेचं नियोजन करता येतं. रेडिटचे प्रमुख स्टीव्ह हफमन यांनी कर्मचाऱ्यांना लिहिलं की हेही जाईल निघून. बरोबरच होतं. पत्रकात तसं लिहिलंच होतं. तरी त्या दोन दिवसांत एक गंमत झाली. गुगलवर काही शोधलं की उत्तरं सापडायची ती रेडिटवर, आणि उघडायला जावं तर दाराला कुलूप. नळ का गळतो, कुत्र्याने चॉकलेट खाल्लं तर काय करावं, हे जगाला बिनपगारी माणसं सांगत होती हे जगाला पहिल्यांदाच कळलं. कंपनीला आधीपासून माहीत असावं. ती दर त्याचेच तर मागत होती.

ज्यांनी दोन दिवसांनंतरही दार उघडलं नाही त्यांना कंपनीने कळवलं की उघडत नसाल तर तुमच्या जागी दुसरे आणू. इथे आंदोलनाला खरा रंग भरला. फोटोंच्या एका प्रचंड मंडळाने मतदान घेऊन ठराव केला: मंडळ उघडतो, पण यापुढे इथे फक्त विनोदवीर जॉन ऑलिव्हर यांचेच फोटो लावले जातील, आणि तेही त्यात ते मादक दिसत असतील तरच. ऑलिव्हर यांनी आनंदाने स्वतःचे फोटो पुरवले. नियम एकही मोडला नव्हता, दार सताड उघडं होतं, आणि आत चष्मेवाला एकच इसम शेकडो पोझमध्ये उभा. असहकाराचा इतका सुरेख नमुना मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

दर काही उतरले नाहीत. अपोलो ३० जूनला बंद झालं. मार्च २०२४ मध्ये रेडिट ३४ डॉलरच्या भावाने शेअर बाजारात उतरलं, पहिल्याच दिवशी जोरात चढलं, आणि विक्रीतले काही शेअर कंपनीने खास जुन्याजाणत्या सभासदांसाठी नि त्या बिनपगारी कारभाऱ्यांसाठी राखून ठेवले होते. फुकट नव्हे, विकत. पुढे त्याच वर्षी नियम आला की मंडळाला दार लावून घ्यायचं असेल तर आधी कंपनीची परवानगी काढावी. संपाला मालकाची पूर्वपरवानगी लागते, हे कलम आपल्याकडच्या कारखानदारांना सुचलं नाही याचं त्यांना फार वाईट वाटलं असेल.

एक्स, म्हणजे पूर्वीचं ट्विटर, सोडणाऱ्यांबद्दल फार लिहीत नाही, कारण ते अजून तिथेच आहेत. नोव्हेंबर २०१९ मध्ये आपल्याकडचे बरेच जण मॅस्टोडॉन या ट्विटरच्या पर्यायावर गेले, २०२१ मध्ये दुसऱ्या बाजूचे ‘कू’ या देशी पर्यायावर गेले, २०२२ मध्ये मस्क ट्विटरचा मालक झाल्यावर पहिले पुन्हा मॅस्टोडॉनवर गेले. कू २०२४ च्या जुलैत मिटलं. निरोपाची पोस्ट टाकून माणूस थांबतो, कारण निरोपाला कोण काय म्हणालं हे बघायचं राहिलेलं असतं.

तर मग या निषेधांनी कधीच काही होत नाही का? होतं की. २०१८ मध्ये स्नॅपचॅटने रूप बदललं तेव्हा बारा लाखांवर लोकांनी विनंतीअर्जावर सह्या केल्या. कंपनीने सविनय उत्तर दिलं, सवय होईल हळूहळू. मग अमेरिकन टीव्ही तारका कायली जेनरने एक ओळ लिहिली की हल्ली मी स्नॅपचॅट उघडत नाही, दुसरं कुणी उघडतं का? एका दिवसात कंपनीचं बाजारमूल्य सुमारे १३० कोटी डॉलरनी खाली आलं. सह्या करणाऱ्यांनी यातून बोध घ्यायचा तो इतकाच की आधी कायली जेनर व्हावं. दुसरं उदाहरण बातम्यांचे दुवे वाटायच्या ‘डिग’ या संकेतस्थळाचं. २०१० मध्ये त्यांनी नवी रचना लादली, तेव्हा लोकांनी डिगच्या पहिल्या पानावर रेडिटचे दुवे भरून टाकले आणि मग त्याच दुव्यांवरून खरोखरच निघून गेले. दोन वर्षांनी डिग हे नाव नि ठिकाण साधारण पाच लाख डॉलरला विकलं गेल्याची बातमी आली. तेवढ्यात दादरला धड फ्लॅट येत नाही. डिगवर दूधवाला नव्हता, म्हणून जमलं.

पण सर्वांत चवदार किस्सा आपल्याच देशातला आहे. २०१५ मध्ये फेसबुकने ‘फ्री बेसिक्स’ आणलं. ठरावीक संकेतस्थळं फुकट, आणि ती कोणती हे ठरवण्याचे नियम फेसबुकचे. त्याआधीच इंटरनेट सगळ्यांना सारखं राहावं म्हणून इथल्या लोकांनी दूरसंचार नियामक ट्रायला दहा लाखांवर ई-मेल धाडल्या होत्या. ट्रायने पारदर्शकतेच्या भरात त्या सगळ्या पाठवणाऱ्यांच्या पत्त्यांसकट संकेतस्थळावर टाकून दिल्या. वर्षअखेरीस ट्रायने पुन्हा लोकांचं मत मागवलं आणि चार प्रश्न विचारले. लोकांनी पुन्हा मेली पाठवल्या. त्यातल्या बऱ्याचशा तयार मसुद्यावरून उतरवलेल्या होत्या हे खरं, पण मसुद्यात निदान विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं होती.

आता आंदोलन करायची पाळी फेसबुकवर आली. त्याने पानभर जाहिराती दिल्या. झुकेरबर्गने इंग्रजी वर्तमानपत्रात लेख लिहिला आणि त्यात महाराष्ट्रातल्या एका शेतकऱ्याचा दाखला दिला, जो फ्री बेसिक्सवर पावसाचा अंदाज आणि बाजारभाव बघतो. आणि सभासदांना एक बटण दिलं: दाबा, तुमच्या नावाने ट्रायला पाठिंब्याची मेल जाईल. लाखो मेली गेल्या. ट्रायने कळवलं की आम्ही चार प्रश्न विचारले होते, यात एकाचंही उत्तर नाही, आणि हा सल्लामसलतीचा मार्ग नसून घडवून आणलेला कौल आहे. फेसबुकने उलट तक्रार केली की आमच्या मेली ट्रायच्या खात्यातून कुणीतरी अडवल्या. ज्या कंपनीने आपल्या तक्रारींना इतकी वर्षं ‘तुमचा अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे’ असं उत्तर दिलं, तिचाच अर्ज आता खिडकीवरून परत येत होता, सोबत पुरेसे कागद नाहीत म्हणून.

८ फेब्रुवारी २०१६ रोजी ट्रायने वेगवेगळ्या संकेतस्थळांसाठी इंटरनेटचे वेगवेगळे दर लावायला बंदी केली आणि त्याच आठवड्यात फ्री बेसिक्सने भारतातून गाशा गुंडाळला. बटण दाबणाऱ्या त्या लाखो लोकांपैकी किती जणांना आपण कुणाला काय पाठवलं हे ठाऊक होतं, हा पाचवा प्रश्न ट्रायने विचारला नाही.